वेणी घालून द्याल का?

बडोद्याला जायचं ठरलं तेव्हा मी लांब चालले आहे असं सांगलीत कुणालाच वाटत नव्हतं. "बडोदा म्हणजे आपलंच की," हरभट रोडवरच्या दुकानदारापासून माझ्या मावशीपर्यंत सगळे हेच म्हणत होते. ते खोटंही नव्हतं. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव 1875 साली दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाले आणि 1939 पर्यंत त्यांनी हे शहर घडवलं. दांडिया बाजारात आजही मराठी कानावर पडतं, भाद्रपदात गल्लोगल्ली गणपती बसतात, सेव-उसळीवर वरून तरी ओततात. नवऱ्याला नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत चांगली नोकरी मिळाली होती, मुलगा शिकायला पुण्याला गेला होता. शाळेतली गणिताची नोकरी सोडून ऑनलाइन शिकवण्या घ्यायच्या असं मी ठरवलं आणि 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही समा भागातल्या एका जुन्या तीन मजली इमारतीत राहायला आलो.

घर भराभर लागलं. दूधवाला, इस्त्रीवाला, भाजीची गाडी, गॅस, इंटरनेट, सगळं जागच्या जागी बसलं. सकाळची शिकवणी संपली की मी बाल्कनीत उभी राहायचे आणि लक्षात यायचं की आज दिवसभरात आता मला नावानं हाक मारणारं कुणी नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी हे जाणवतं तेव्हा ते कुणाला सांगायचीही लाज वाटते. लहान मुलाला शाळेत मित्र मिळाला नाही की घरचे काळजी करतात, बाईंना भेटायला जातात. मोठ्या बाईला मैत्रीण नाही ही गोष्ट काळजीची आहे असं कुणालाच वाटत नाही. मला ती फार काळजीची वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

मी माणसांत गेले नाही असं नाही. एका मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले, दिवाळी पहाटेला गेले. बायका अगत्यानं बोलल्या. "सांगली का? आमच्या जाऊबाईंचं माहेर सांगली!" मग वाण हातात आलं, आणि त्या आपल्या गप्पांकडे वळल्या. कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मागच्या वर्षीच्या सहलीतली कुठलीशी गंमत. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पंचेचाळिशीला पोचेपर्यंत प्रत्येकीचं ताट वाढून झालेलं असतं. भिशी, बहीण, विहीण, शेजारीण, सगळ्या जागा भरलेल्या. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात वर्गातल्या सगळ्यांचीच ताटं एकाच वेळी रिकामी असतात, म्हणून तिथे मैत्री पटकन होते. त्यात आपल्या मोकळ्या स्वभावाची कर्तबगारी फारशी नसते.

कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी 2018 साली याचा हिशेब मांडला. त्यासाठी त्यांनी, इतरांबरोबरच, नव्या गावी नुकत्याच राहायला गेलेल्या आणि मित्रांच्या शोधात असलेल्या प्रौढ माणसांना प्रश्न विचारले होते. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र जावे लागतात, खरी मैत्री व्हायला 90 च्या आसपास आणि जिवाभावाची व्हायला 200 च्या वर. कामाच्या ठिकाणी शेजारी बसून घालवलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत. रिकामटेकड्या गप्पांचे, एकत्र खाण्या-हसण्याचे तास मोजायचे. मी गणिताची शिक्षिका, मला गुणाकार केल्याशिवाय राहवेना. महिन्यातून एकदा दोन तासांचा कार्यक्रम धरला तर 200 तास भरायला आठ वर्षांहून जास्त लागतात. शाळेत रोज सहा तास, आठवड्याचे सहा दिवस एका बाकावर बसलं की तेच तास सहा आठवड्यांच्या आत भरतात. हे गणित केल्यावर मला बरं वाटलं. माझ्यात काही कमी नव्हतं, तास कमी होते. आणि महिन्याच्या महिन्याला होणाऱ्या कार्यक्रमांतून ते कधीच भरणार नव्हते.

पण तास घालवायचे कुणाबरोबर, हा प्रश्न प्रत्येकासाठी सारखा नसतो. घर शोधत होतो तेव्हा ब्रोकर भाड्याचं बोलण्याआधी विचारायचा, "नॉनव्हेज?" आम्ही रविवारी मटण खाणारी माणसं, खोटं बोलायची इच्छा नव्हती. दोन-तीन घरं तिथेच संपली. एका ठिकाणी आडनाव दोनदा विचारलं आणि मग फोनच आला नाही. आम्हाला शेवटी असा घरमालक भेटला, ज्याला वेळेवर भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट एवढंच हवं होतं. पुढे मी सकाळी कमाटीबागेत फिरायला जायला लागले. कागदोपत्री ती सयाजीबाग, 1879 साली वसवलेली; तिच्यात म्युझियम आहे, प्राणिसंग्रहालय आहे, शेजारून विश्वामित्री वाहते. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर 1917 च्या सप्टेंबरात याच बागेत येऊन बसले होते. वय 26. संस्थानाच्या नोकरीत रुजू झालेले, पण राहायला जागा कुणी देईना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिलेले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. शहरात त्यांच्या ओळखीचे दोघे होते, त्यांच्याकडे त्यांनी विचारून पाहिलं. एकजण म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारतो. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचा वेळ त्यांनी या बागेत काढला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

माझ्या एकटेपणाला त्या दुपारच्या शेजारी ठेवायची माझी हिंमत नाही. पण नव्या गावात मैत्री कशी करावी यावर जे सल्ले वाचायला मिळतात, ते मला तेव्हापासून अपुरे वाटतात. पुढाकार घ्या, हसून बोला, घरी बोलवा असं ते सांगतात. जणू दार वाजवलं की ते उघडतंच! ज्याला आडनाव सांगितल्यावर दार मिळत नाही त्यानं किती हसून बोलायचं? त्या दिवशी आतल्या दोघांपैकी एकानं "या" म्हणायला हवं होतं. आधीपासून गावात असलेल्या माणसाच्या हातात जेवढं असतं तेवढं नव्यानं आलेल्याच्या हातात कधीच नसतं, हे मला तिथे फिरताना फार वाटत राहतं.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आल्यावर मी त्यावरून कुरकुरले होते. लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे दोन सहकारी यांनी 1950 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीबद्दल जे लिहिलं, त्यात जिन्याला मोठा मान आहे. तिथल्या कुटुंबांना घरं आवडीनिवडी बघून दिलेली नव्हती, तरी मैत्र्या जुळल्या त्या बहुतेक दाराला दार लागून असलेल्यांच्या. आणि जिन्याच्या पायथ्याशी ज्यांचं घर, त्यांची वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त ओळख. येता-जाता दिसत राहणं, एवढंच. आमच्या पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. आमच्या दारासमोर नडियादच्या एक बेन राहतात. साठी उलटलेल्या, एकट्या. एक मुलगी अहमदाबादेत, एक कॅनडात. पहिलं वर्षभर आमचं "केम छो, मजामा"च्या पुढे गेलं नव्हतं. मी संक्रांतीला तिळगूळ दिला, गावाहून आले की भडंग दिलं, पुरणपोळ्या दिल्या. त्यांच्याकडून हांडवो आला, उंधियू आलं. दारातच देणंघेणं व्हायचं, दोघी हसायचो, दारं लागायची.

2024 च्या जूनमध्ये पहिल्या पावसात ओल्या जिन्यावरून मी घसरले आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. भाकरी बंद, भांडी नवऱ्यानं वाटून घेतली, शिकवणीत फळ्याऐवजी तोंडी गणितं. हे सगळं निभत होतं. केस मात्र निभेनात. माझे केस कमरेपर्यंत आहेत आणि एका हातानं त्यांचं काहीही करता येत नाही. नवऱ्याची कंपनीची बस पहाटे सहाला. त्याला वेणी येतही नाही. त्यानं एक-दोनदा रबरबँडनं जे बांधून दिलं ते जिना उतरेपर्यंत सुटलं. त्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यासमोर बसायचं होतं, केसांच्या जटा झालेल्या, कंगवा हातात. मी समोरची बेल वाजवली. बोलायला गेले तर आवाजच नीट फुटेना. सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं दुसऱ्या बाईकडे जाऊन काय म्हणायचं? म्हणाले, "बेन, मेरी वेणी... चोटलो, डालके दोगे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, एमां शुं! आवो ने, बेसो."

मला खाली पाटावर बसवलं, स्वतः खुर्चीवर. रबरबँड त्यांनी आपल्या मनगटात अडकवलं. केस टोकाकडून विंचरायला घेतले, एका हातानं मुळाशी घट्ट धरून, म्हणजे ओढ बसू नये. गुंता आला की कंगवा बाजूला ठेवून बोटांनी सोडवायच्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्यांच्या गुडघ्याला माझा खांदा टेकला होता. लग्नाआधी आई घालायची तेव्हापासून माझ्या केसांना पार्लरवाली सोडून कुणाचा हात लागला नव्हता. वेणी संपत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "दीकरीओ गई पछी आजे पहेली वार चोटलो गूंथ्यो." मुली गेल्यावर आज पहिल्यांदा.

प्लास्टर निघेपर्यंत रोज सकाळी मी त्यांच्याकडे जायचे. वेणीला दहा मिनिटं लागतात, पण वेणी घालून लगेच उठून जाता येत नाही, मग चहा व्हायचा. चहाबरोबर आदल्या दिवशीचा खाखरा, मग कॅनडातल्या मुलीचा व्हिडिओ कॉल, तिला माझी वेणी दाखवणं. मी पाठ करून बसायची म्हणून असेल, त्या खूप बोलायच्या. नवरा गेला त्याबद्दल, पोस्टातल्या नोकरीबद्दल, मुलीकडे कायमचं राहायला जायला त्या का नाही म्हणतात त्याबद्दल. समोरासमोर बसून हे त्यांना सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे.

माझं मत आता पक्कं आहे: देऊन मैत्री होत नाही, मागून होते. मी वर्षभर देत होते आणि त्या परतफेड करत होत्या, दोघी एकमेकींच्या ऋणातून ताबडतोब मुक्त होत होतो. जॉन जेकर आणि डेव्हिड लँडी या मानसशास्त्रज्ञांनी 1969 साली केलेला एक प्रयोग मला या बाबतीत पटतो. लोकांना एका स्पर्धेत थोडे पैसे जिंकू दिले आणि नंतर काहींना संशोधकानं स्वतः गाठून विनंती केली, की हे पैसे माझ्या खिशातले आहेत आणि ते संपत आलेत, परत दिलेत तर बरं होईल. ज्यांच्याकडे त्यानं अशी याचना केली, त्यांनाच तो माणूस जास्त आवडला. आपण ज्याच्यासाठी काही करतो त्याच्याबद्दल आपल्याला माया वाटायला लागते. आयांना हे माहीत असतं.

आमच्या लहानपणी सांगलीच्या गावभागातल्या वाड्यात उसनवारी दिवसभर चालायची. वाटीभर साखर, विरजण, इनोची पुडी, पाहुण्यांसाठी गादी. वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही, म्हणून तिच्यातून चार फोडी लोणचं जायचं, आणि मग ती वाटी पुन्हा यायची. हिशेब मिटू द्यायचाच नाही अशी ती सोय होती. आता साखर संपली तर फोनवर मागवून दहा मिनिटांत दारात येते. मी स्वतः मागवते. त्यात सोय आहेच, पण शेजारच्या दाराची बेल वाजवायचं रोजचं साधं कारण त्यात गेलं. ते कारण गेलं की उरतात ती मोठी कारणं, आजारपण, अपघात, मृत्यू. तोवर ओळख नसलेल्या माणसाकडे तेवढं मोठं मागायची जीभ रेटत नाही. आपण कुणाला त्रास देत नाही याचा आपल्याला अभिमान वाटतो. नव्या गावात तर फारच. भाडेकरू म्हणून चांगलं नाव राहावं, "बहु सारा माणस छे", फार चांगली माणसं आहेत, म्हणावं लोकांनी. मला तो अभिमान आता नको वाटतो.

ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीला, पाऊस कोसळायला लागला. सांगलीकराला पूर शिकवावा लागत नाही. 2019 ला आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती तेव्हा आम्ही दिवसरात्र पातळीचे आकडे एकमेकांना पाठवत होतो. इथे लोक काला घोड्याचे आकडे पाठवत होते. म्हणजे सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळच्या पुलाचे. आजव्याच्या धरणाचं पाणी विश्वामित्रीत आलं आणि समा भागात रस्ते दिसेनासे झाले. मी खाली गेले आणि तळमजल्यावरच्या तिन्ही घरांत, ज्यांना मी धड ओळखतही नव्हते, हक्कानं सांगत सुटले: फ्रिज पलंगावर चढवा, मेन बंद करा, सिलिंडर रेग्युलेटर काढून खिडकीच्या गजाला बांधा नाहीतर तरंगत जातो, कागदपत्रं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. संध्याकाळी तळमजल्यात पाणी शिरलं. लाइट गेली ती लवकर आली नाही. मोटर बंद, म्हणून गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजून वापरायचं ठरलं. त्यासाठी जिन्यात मीटिंग झाली, मेणबत्तीच्या उजेडात. तळमजल्यावरचं एक कुटुंब आमच्याकडे राहिलं, एक बेनकडे, आणि एक थेट तिसऱ्या मजल्यावर. विश्वामित्रीतल्या मगरी शहरातल्या सोसायट्यांत शिरल्याच्या बातम्या येत होत्या, म्हणून मुलांना जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर जायला बंदी. एका गॅसवर मोठ्या पातेल्यात खिचडी. जिन्यात बसून ती खाताना कुणी मला विचारलं, कुणाची पाहुणी तुम्ही? बेन म्हणाल्या, "आ तो आपणी सांगलीवाळी छे."

200 तासांचं गणित त्या दिवसांत किती पुढे सरकलं ते मी मोजलं नाही. पण त्यानंतर बेन मला तुंकारायला लागल्या, आणि हिवाळ्यात एका संध्याकाळी येऊन म्हणाल्या, "मोतिबिंदूचं ऑपरेशन आहे, मुलींना सांगायचं नाही, दोघी उगाच धावत येतील. तू येशील?" मला इतका आनंद झाला की ऑपरेशनचं ऐकून असं हसू नये म्हणून मी आत पाणी आणायला गेले.

सगळंच जमलं आहे असं मात्र नाही. सांगलीतल्या माझ्या जुन्या मैत्रिणीची जागा तशीच आहे आणि दर रविवारी तिचा फोन असतो. तिची आणि माझी मेलेली माणसं एक आहेत. माझे वडील तिला माहीत आहेत, तिची आजी मला माहीत आहे, नुसतं नाव घेतलं की पुरतं. बेनना मला वडील पहिल्यापासून सांगावे लागतात, तेही माझ्या मोडक्या हिंदी-गुजरातीत, आणि त्यांचा तिरकस विनोद माझ्या हातून प्रत्येक वेळी सुटतो. उतारवयाकडे झुकलेल्या मैत्रीला हे कष्ट आहेत. त्या मात्र ऐकून घेतात, मध्येच थांबवून नातं विचारतात, पुढच्या वेळी लक्षात ठेवून विचारतात, "पेला काका, जे तारा पप्पा साथे बोलता न होता, एमनुं शुं थयुं?" वडिलांशी न बोलणाऱ्या त्या काकांचं पुढे काय झालं?

नवऱ्याची काळजी मला जास्त वाटते. कंपनीच्या बसमध्ये त्याचा गट आहे, कँटीनमध्ये चहाला सोबत आहे, पण त्यातला एकही माणूस अजून आमच्या घरी आलेला नाही आणि हाही कुणाकडे गेलेला नाही. शिफ्ट बदलली की गट बदलतो. सुट्टीच्या दिवशी तो एकटाच सुरसागर तलावाच्या बाजूला चक्कर मारून येतो. पुरुषांना एकमेकांकडे मागायला कर्ज आणि जामीन यांच्याखेरीज काही सुचत नाही, की लहानपणापासून मागू नको हेच शिकवलेलं असतं? पुरात तळमजल्यावरच्या गृहस्थांबरोबर त्यानं फ्रिज उचलला होता, दोघं नंतर गच्चीवर बराच वेळ बोलत बसले होते. ते गृहस्थ कॅरम चांगला खेळतात म्हणे. आमच्याकडे बोर्ड नाही. मी त्याला विकत आणू देत नाहीये, त्यांच्याकडे जाऊन खेळ म्हणते. तो अजून गेलेला नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर केरळचं एक कुटुंब आलं. रिफायनरीतली नोकरी, दोन लहान मुलं. ती बाई माझ्यापेक्षा बरीच तरुण, सारखी फोनवर आईशी बोलताना जिन्यात दिसायची. पूर्वी मी पहिल्याच दिवशी काहीतरी गोड करून घेऊन गेले असते. या वेळी रिकाम्या हातानं गेले आणि म्हणाले, माळ्यावरचा डबा काढायचाय, तुमच्याकडे उंच स्टूल दिसलं सामानात, मिळेल का? तिनं स्टूल दिलं. ते जड होतं म्हणून स्वतः धरून खाली आली, मी चढले तेव्हा खालून धरून उभी राहिली, आणि मी वर असतानाच तिनं विचारलं, इथे लाल उकडा तांदूळ कुठे मिळतो? मला माहीत नव्हतं. बेनना माहीत होतं. स्टेशनच्या पलीकडे एक दुकान आहे म्हणाल्या, पण पत्ता सांगून कळायचा नाही, आपण तिघीच जाऊ शनिवारी, मला पण तिथून केळ्याच्या चिप्स हव्यात.